गिळलेले सगळेच अंगी लागत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या आरोग्य पुरवणीत 'क' जीवनसत्त्वावर नुकताच प्रसिद्ध झालेला लेख मी दोनदा वाचला. लेख तळमळीने लिहिलेला आहे. हिरड्यांतून रक्त येणे, जखमा वेळेवर न भरणे, कारण न कळता थकवा राहणे या लक्षणांविषयी त्यात दिलेली माहितीही बरोबर आहे. मात्र त्यातील एका विधानाबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. एक हजार मिलिग्रॅमची एक गोळी घेतली की शरीराला गरजेच्या दसपटीहून अधिक 'क' जीवनसत्त्व मिळते, अशा आशयाचे ते विधान आहे. गोळीत एक हजार मिलिग्रॅम असतात आणि ते गिळले जातात, इथपर्यंत ते खरे आहे. पण गिळणे आणि मिळणे यांच्यामध्ये लहान आतड्याच्या अस्तरातील पेशींचा एक थर उभा असतो, आणि काय आत घ्यायचे व किती घ्यायचे हे बऱ्याच अंशी तो थर ठरवतो. मी अनेक वर्षे शरीरक्रियाविज्ञान शिकवत आले आहे आणि या पेशींचे काम सर्वसामान्य वाचकापर्यंत कधीच नीट पोहोचत नाही, याची खंत मला आहे. म्हणून हे पत्र थोडे लांबले तरी आपण त्याला जागा द्यावी, अशी विनंती.

आतड्याची पोकळी शरीराच्या मधोमध असली, तरी काटेकोरपणे पाहिल्यास ती शरीराच्या बाहेरच असते. तोंडापासून गुदद्वारापर्यंत गेलेली ती एक नळी आहे, आणि नळीच्या भिंतीतून पार होऊन रक्तात पोहोचल्याशिवाय कोणताही पदार्थ शरीरात आला असे म्हणता येत नाही. ही भिंत ओलांडण्याचे महत्त्व 'क' जीवनसत्त्वाच्या बाबतीत माणसासाठी विशेष आहे, कारण बहुतेक सस्तन प्राण्यांना ते बाहेरून घ्यावेच लागत नाही. त्यांचे यकृत ग्लुकोजपासून ते स्वतः तयार करते. त्या साखळीतील शेवटच्या पायरीचे गुलोनोलॅक्टोन ऑक्सिडेज नावाचे विकर आपल्याकडे बनत नाही. त्याच्या जनुकाचे अवशेष आपल्या आठव्या गुणसूत्रावर आहेत, पण ते जनुक कोट्यवधी वर्षांपूर्वी आपल्या माकडवर्गीय पूर्वजांतच निकामी झाले. गिनी पिग आणि वटवाघळांच्या अनेक जाती याच अवस्थेत आहेत. इतर प्राण्यांत जे काम यकृताच्या कारखान्यात होते, त्यासाठी आपण सर्वस्वी आतड्याच्या दारावर अवलंबून आहोत, आणि ते दार कसे चालते हे न पाहता मिलिग्रॅमचे आकडे मांडण्यात फारसा अर्थ राहत नाही.

लहान आतड्याच्या आतल्या बाजूला असंख्य रसांकुर, म्हणजे बोटांसारखे बारीक उंचवटे, असतात आणि त्यांच्यावर शोषक पेशींचा जेमतेम एका पेशीच्या जाडीचा थर असतो. प्रत्येक पेशीचा पोकळीकडील पृष्ठभाग पुन्हा हजारो सूक्ष्म केसांसारख्या घड्यांनी भरलेला असतो, त्यामुळे शोषणासाठी मिळणारी जागा अनेक पटींनी वाढते. या पेशी अवघ्या तीन ते पाच दिवसांत झडतात आणि त्यांच्या जागी नव्या येतात. म्हणजे एखाद्या वाचकाने मागच्या आठवड्यात घेतलेली गोळी ज्या पेशींनी हाताळली, त्यांतल्या बहुतेक आज अस्तित्वात नाहीत. तरीही शोषणाचे काम अखंड चालू राहते, ही गोष्ट शिकवताना मला दरवर्षी नव्याने थक्क करते.

'क' जीवनसत्त्व, म्हणजे ॲस्कॉर्बिक आम्ल, हे पाण्यात सहज विरघळणारे आम्ल आहे. जठरातील तीव्र आम्लातून पुढे सरकून ते लहान आतड्यात पोहोचले, की तिथल्या सौम्य वातावरणात त्याचा एक हायड्रोजन सुटतो आणि उरलेल्या रेणूवर ऋण विद्युतभार राहतो. त्या रूपाला ॲस्कॉर्बेट म्हणतात. पेशीपटल मूलतः स्निग्ध पदार्थांचे बनलेले असते आणि विद्युतभार असलेला, पाण्यात रमणारा रेणू त्यातून आपोआप झिरपू शकत नाही. त्याला आत नेणारे खास वाहक प्रथिन लागते. पोकळीकडील पृष्ठभागावर असलेल्या या वाहकाला एसव्हीसीटी-१ असे नाव आहे. तो आणि त्याचा भाऊबंद एसव्हीसीटी-२ या दोहोंची जनुके १९९९ मध्ये वेगळी करून ओळखली गेली, आणि तेव्हापासून या विषयाचे चित्र स्पष्ट होत गेले.

हा वाहक कसा चालतो ते थोडे सविस्तर सांगते, कारण पुढचे सारे त्यावर अवलंबून आहे. पेशीच्या आत सोडियम कमी आणि बाहेर जास्त असतो, आणि ही तफावत पेशी मुद्दाम राखते: तिच्या रक्ताकडील बाजूला असलेले पंप ऊर्जा खर्च करून सोडियम सतत बाहेर काढत असतात. त्यामुळे सोडियमला आत शिरण्याची ओढ असते, आणि एसव्हीसीटी-१ त्या ओढीचा उपयोग करून घेतो. सोडियमचे दोन आयन आत येताना त्यांच्यासोबत ॲस्कॉर्बेटचा एक रेणू ओढून आणला जातो, मग पेशीच्या आत ॲस्कॉर्बेट आधीच जास्त असले तरी चालते. याचा अर्थ असा की 'क' जीवनसत्त्वाचा प्रत्येक रेणू आत घेण्यासाठी पेशीला ऊर्जेची किंमत मोजावी लागते. शिवाय हा वाहक चोखंदळ आहे. ॲस्कॉर्बिक आम्लाचा आरशातल्या प्रतिमेसारखा दिसणारा जोडीदार रेणू त्याला चालत नाही. उलट प्रयोगशाळेत तयार केलेले 'क' जीवनसत्त्व आणि फळातून आलेले 'क' जीवनसत्त्व यांत त्याला कोणताही फरक कळत नाही, कारण तो रेणू एकच आहे. माणसांवर झालेल्या तुलनात्मक अभ्यासांतही दोहोंच्या शोषणात लक्षणीय फरक आढळलेला नाही. फळे-भाज्या खाव्यात याची कारणे दुसरी आणि भक्कम आहेत. 'नैसर्गिक' हा शब्द बाटलीवर छापून अधिक शोषणाची ग्वाही देणे मात्र योग्य नाही.

आत येण्याची आणखी एक वाट आहे. हवा, उष्णता आणि वेळ यांमुळे ॲस्कॉर्बिक आम्लाचे ऑक्सिडीकरण होऊन डीहायड्रोॲस्कॉर्बिक आम्ल तयार होते. त्यावर विद्युतभार नसतो आणि त्याची ठेवण ग्लुकोजशी इतकी मिळतीजुळती असते, की ग्लुकोजची ने-आण करणारे ग्लूट-२ आणि ग्लूट-८ हे वाहक त्यालाही आतड्याच्या पेशीत नेतात. आत पोहोचताच ग्लुटाथायोन हे पेशीतलेच एक रसायन आणि काही विकरे त्याचे क्षपण करून, म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन परत देऊन, त्याला पुन्हा ॲस्कॉर्बेट करून टाकतात. त्यामुळे पेशीच्या आत डीहायड्रोॲस्कॉर्बिक आम्लाचे प्रमाण नेहमी नगण्य राहते आणि बाहेरून आत येण्याची उतरण टिकून राहते. या वाटेवर ग्लुकोजची स्पर्धा असते, हे प्रयोगांत दिसून आले आहे. आहारातले बहुतांश 'क' जीवनसत्त्व मूळ रूपातच असल्याने मुख्य दार एसव्हीसीटी-१ चेच. पण ऑक्सिडीकरण झाले म्हणजे सगळे वाया गेले, अशी जी समजूत आहे ती बरोबर नाही.

पेशीच्या रक्ताकडील बाजूला जो एसव्हीसीटी-२ आहे, त्याच्याबद्दल माझे अनेक विद्यार्थी घाईने चुकीचे उत्तर लिहितात. एक वाहक आत घेतो, तर दुसरा बाहेर सोडत असणार, असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात एसव्हीसीटी-२ देखील सोडियमच्या ओढीवर चालतो आणि म्हणून तोही पेशीच्या आतच ओढतो, फक्त रक्ताच्या बाजूने. त्याची ॲस्कॉर्बेटला धरून ठेवण्याची पकड एसव्हीसीटी-१ पेक्षा घट्ट आणि नेण्याची क्षमता कमी आहे. आतड्याची पेशी ही केवळ हमाल नाही. तिला स्वतःसाठीही 'क' जीवनसत्त्व लागते, आणि पोकळीतून काही येत नसेल अशा वेळी ती ते रक्तातून मिळवते. तिच्या या गरजेचे एक सुंदर उदाहरण लोहाचे आहे. अन्नातील बरेचसे लोह ज्या रूपात असते त्या रूपात ते शोषले जात नाही, आधी त्याचे क्षपण व्हावे लागते. पेशीच्या पोकळीकडील पटलात बसवलेले एक प्रथिन पेशीच्या आतील ॲस्कॉर्बेटकडून इलेक्ट्रॉन घेते आणि ते बाहेरच्या लोहाला देते. जेवणात 'क' जीवनसत्त्व असले की लोह चांगले शोषले जाते, हे आपण सारे ऐकत आलो आहोत. ते जीवनसत्त्व पोकळीत लोहाशी थेट भिडून मदत करतेच, पण पेशीच्या आतूनही हातभार लावते. आणि ॲस्कॉर्बेट पेशीतून रक्तात नेमके कोणत्या दाराने उतरते, याचे निर्विवाद उत्तर विज्ञानाला अजून सापडलेले नाही. इतक्या परिचित जीवनसत्त्वाच्या प्रवासातली शेवटची पायरी अद्याप अंधारात आहे, हे वाचकांना सांगायला काय हरकत आहे? उलट त्यामुळे विज्ञानावरचा त्यांचा विश्वास वाढेल, असे मला वाटते.

आता मूळ मुद्द्याकडे येते. वाहक प्रथिनांची संख्या मर्यादित असते आणि प्रत्येक वाहकाला एक फेरी पूर्ण करायला वेळ लागतो. पोकळीत ॲस्कॉर्बेट थोडे असेल, तर जवळपास सगळे उचलले जाते. ते वाढत गेले की वाहक भरून जातात आणि त्यापुढे कितीही रेणू बाहेर ताटकळत उभे राहिले, तरी आत जाण्याचा वेग वाढत नाही. ही गोष्ट माणसांत किती स्पष्ट दिसते, याचा पुरावा अमेरिकेतील नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ या संस्थेत मार्क लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासातून १९९६ मध्ये पुढे आला. सात निरोगी तरुण चार ते सहा महिने रुग्णालयात राहिले, त्यांना 'क' जीवनसत्त्व जवळजवळ नसलेला आहार देण्यात आला आणि मग ३० पासून २५०० मिलिग्रॅमपर्यंतच्या सात मात्रा क्रमाने देऊन रक्त व लघवी तपासण्यात आली. संख्या लहान आहे, हे मान्य. पण इतक्या काटेकोर देखरेखीखाली झालेले मोजमाप दुर्मीळ आहे, आणि पुढे स्त्रियांवर झालेल्या तशाच अभ्यासाचे निष्कर्षही त्याच दिशेचे निघाले.

त्या अभ्यासात २०० मिलिग्रॅमची एक मात्रा पूर्णपणे शोषली गेली. ५०० मिलिग्रॅमपासून शोषणाचे प्रमाण घसरू लागले आणि १२५० मिलिग्रॅमच्या मात्रेतले जेमतेम निम्मेच शरीरात आले. रक्तद्रवातील पातळीचे वर्तन तर याहून बोलके आहे. रोजची मात्रा ३० वरून १०० मिलिग्रॅमवर नेली तेव्हा पातळी झपाट्याने चढली. रोज २०० मिलिग्रॅमला तो चढ जवळजवळ संपला आणि १००० मिलिग्रॅमला रक्तद्रव पूर्ण संपृक्त झाला. या वरच्या पट्ट्यात पातळी लिटरला सुमारे ७० ते ८० मायक्रोमोलच्या आसपास राहते, म्हणजे एक लिटर रक्तद्रवात अवघे बारा-चौदा मिलिग्रॅम. रक्तातील पांढऱ्या पेशी तर रोजच्या १०० मिलिग्रॅमलाच भरून गेल्या, आणि त्यांच्या आतील प्रमाण रक्तद्रवाच्या किमान चौदा पट होते. ज्या प्रतिकारशक्तीसाठी लोक मोठ्या मात्रा घेतात, त्या प्रतिकारशक्तीच्या पेशी इतक्या कमी मात्रेत तृप्त होतात, हे मला या सगळ्यातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य वाटते. निरनिराळ्या देशांच्या अधिकृत शिफारशी प्रौढांसाठी रोज साधारण ४० ते ११० मिलिग्रॅमच्या दरम्यान आहेत, त्या या पार्श्वभूमीवर वाचाव्यात.

संपृक्ततेखेरीज आणखी एक पायरी आहे, ती म्हणजे प्रत्यक्ष नियमन. पेशी वाहकांची संख्याच कमी-जास्त करू शकते. आतड्याच्या पेशींसारख्या वागणाऱ्या मानवी पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्यांना ॲस्कॉर्बेटच्या जास्त प्रमाणात ठेवले, तेव्हा एसव्हीसीटी-१ बनवण्याचा जनुकीय संदेश घटला आणि शोषणही मंदावले. आहारात भरपूर 'क' जीवनसत्त्व दिलेल्या गिनी पिगांच्या आतड्यातही शोषणाची क्षमता कमी झालेली आढळली आहे. या जनुकाचे वाचन सुरू करणारी प्रथिने कोणती, याचाही छडा लागत आहे. एचएनएफ-१ नावाच्या प्रथिनाची त्यातील भूमिका दाखवून देण्यात आली आहे. याशिवाय पेशीतील विशिष्ट संकेत मिळाले, की पटलावर बसलेले वाहक आत ओढून घेतले जातात आणि दार काही काळ अरुंद होते. प्रयोगशाळेतील पेशींचे आणि प्राण्यांचे निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लावता येत नाहीत, हे मी विद्यार्थ्यांना नेहमी बजावते आणि इथेही नमूद करते. तरीही दिशा स्पष्ट आहे: भरपूर येऊ लागले की पेशी हात आखडता घेते.

आतड्याची भिंत ओलांडून जे रक्तात पोहोचते, त्यावर पुढे मूत्रपिंडाचा पहारा असतो. तिथेही एसव्हीसीटी-१ च गाळलेले ॲस्कॉर्बेट परत रक्तात खेचून घेतो, आणि तिथेही तो भरून गेला की उरलेले लघवीवाटे जाते. लेव्हिन यांच्या अभ्यासातील सातपैकी सहा जणांच्या लघवीत १०० मिलिग्रॅमच्या मात्रेपर्यंत 'क' जीवनसत्त्व उतरलेच नाही. ५०० मिलिग्रॅम आणि त्यापुढे मात्र शोषले गेलेलेही बाहेर टाकले जात होते. उंदरांत हे जनुक बंद केल्यावर लघवीतून होणारी गळती अठरा पटींपर्यंत वाढली, यावरून या एका प्रथिनावर किती भार आहे ते ध्यानात येईल. माणसांतही या जनुकाची काही रूपे रक्तातील कमी पातळीशी निगडित आहेत, त्यामुळे सारखाच आहार घेणाऱ्या दोन व्यक्तींची पातळी सारखीच असेल असे नाही.

मग न शोषलेले जाते कुठे? ते मोठ्या आतड्याकडे सरकते आणि जाताना पाणी ओढून घेते. पोट बिघडणे, मुरडा येणे, जुलाब होणे हे मोठ्या मात्रेचे नेहमीचे परिणाम त्यातूनच होतात, आणि प्रौढांसाठी रोज २००० मिलिग्रॅम ही जी वरची मर्यादा अमेरिकेत २००० मध्ये निश्चित करण्यात आली, तिचा आधारही हाच आहे. शोषलेल्या जास्तीच्या भागापैकी काहीचे ऑक्सलेट होते, आणि मूतखडे बऱ्याचदा त्याचेच बनतात. स्वीडनमध्ये पुरुषांच्या मोठ्या गटावर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत 'क' जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेणाऱ्यांत मूतखड्याचे प्रमाण सुमारे दुप्पट आढळले. ही पाहणी आहे, कारण सिद्ध करणारा प्रयोग नव्हे. पण ज्यांना पूर्वी मूतखडा झाला आहे, त्यांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय मोठी मात्रा घेऊ नये एवढे सांगणे आपल्या लेखाचे कर्तव्य होते.

लेखात सर्दीचा उल्लेख आहे, म्हणून थोडक्यात लिहिते. १९७० नंतर लायनस पॉलिंग यांच्यासारख्या दोन नोबेल मिळवलेल्या शास्त्रज्ञाने मोठ्या मात्रांचा पुरस्कार केल्यामुळे हा विश्वास जगभर रुजला. त्यानंतर झालेल्या चाचण्यांचा कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे पडताळणाऱ्या संस्थेने २०१३ मध्ये घेतलेला आढावा असे सांगतो, की नियमित गोळ्या घेतल्याने सर्वसाधारण लोकांना सर्दी होण्याचे प्रमाण कमी होत नाही; झालेली सर्दी मोठ्यांत सुमारे ८ टक्के आणि मुलांत सुमारे १४ टक्के लवकर आटोपते. मॅरेथॉन धावपटू किंवा कडाक्याच्या थंडीत कष्ट करणारे सैनिक अशा, अतिश्रमात असलेल्यांत प्रमाण निम्म्यावर आले. सर्दी सुरू झाल्यानंतर गोळी घेण्याचा सातत्याने दिसणारा लाभ आढळला नाही.

माझा आक्षेप 'क' जीवनसत्त्वाला नाही, हे आवर्जून सांगते. शरीरातील एकूण साठा सुमारे १५०० मिलिग्रॅमचा असतो, तो ३०० च्या आसपास उतरला की स्कर्व्हीची, म्हणजे 'क' जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या रोगाची, लक्षणे दिसू लागतात, आणि आहारात काहीच नसेल तर एक ते तीन महिन्यांत ती वेळ येऊ शकते. एकटे राहून जेमतेम खाणारी वृद्ध माणसे, दीर्घ आजारी, आतड्याच्या विकारांमुळे शोषणच बिघडलेले रुग्ण, आणि धूम्रपान करणारे, ज्यांना रोज ३५ मिलिग्रॅम अधिक लागते असे मानले जाते, यांना पूरक मात्रेची खरोखर गरज असू शकते. त्यांच्यासाठीही आतड्याच्या पेशींचा स्वभाव ओळखणे उपयोगाचे आहे: एकदम मोठी मात्रा घेण्याऐवजी तीच दिवसभरात थोडी थोडी विभागून घेतली, तर तिच्यातले अधिक अंगी लागते.

शिरेतून दिल्या जाणाऱ्या 'क' जीवनसत्त्वाची गोष्ट पूर्णपणे निराळी आहे आणि आपल्या लेखात दोन्ही गोष्टी एकाच परिच्छेदात आल्याने घोटाळा झाला आहे. शिरेतून देताना आतड्याचे दार टाळले जाते. तोंडावाटे सोसवेल तेवढी कमाल मात्रा वारंवार दिली, तरी रक्तद्रवातील पातळी साधारण २२० मायक्रोमोलच्या पुढे जात नाही, असा हिशेब लेव्हिन यांच्या गटानेच २००४ मध्ये मांडला. शिरेतून मात्र ती हजारो मायक्रोमोलवर नेता येते. त्या पातळीवर होणारे परिणाम औषधाचे असतात आणि त्यांचे धोकेही औषधाचे असतात. त्यावर चाललेल्या संशोधनाचा दाखला देऊन गोळ्यांची महती सांगणे, हे अनवधानाने झाले असले तरी दुरुस्त व्हायला हवे.

म्हणून माझी विनंती दोन गोष्टींपुरती आहे. पुरवणीच्या पुढच्या अंकात एक हजार मिलिग्रॅमविषयीच्या त्या वाक्याची दुरुस्ती छापावी, आणि शिरेतून द्यायच्या व तोंडावाटे घ्यायच्या मात्रांतील फरक वेगळ्या परिच्छेदात स्पष्ट करावा. पुढे कोणत्याही जीवनसत्त्वाची मात्रा छापताना तिच्यातील किती भाग रक्तात पोहोचतो हे माहीत असेल, तर तो आकडाही शेजारी द्यावा. त्यासाठी मजकूर तपासून देण्याची माझी तयारी आहे.

आपली विश्वासू,
शरीरक्रियाविज्ञानाची एक शिक्षिका